दिवा कोणी फुंकला?



गेल्या 14 एप्रिलला आमच्या मंडळाने पाहुण्यांना काचेचे दिवे भेट दिले. निळ्या काचेचे, हाताने फुंकलेले, खाली सोनेरी अक्षरांत देणगीदाराचे नाव. रात्री खुर्च्या उचलताना एका पोराने विचारले, "हे बनवले कोणी?" दुकानदाराचे नाव आम्हाला माहीत होते, बनवणाऱ्याचे एकालाही नाही. श्रमाच्या प्रतिष्ठेवर दोन तास भाषणे ठोकून आलेले आम्ही खाली मान घालून खुर्च्या रचत राहिलो.

दिवे फिरोजाबादचे होते. पुढे एका शिबिरासाठी आग्र्याला जाणे झाले. हे तेच आग्रा, जिथे 18 मार्च 1956 ला बाबासाहेबांनी आपल्यातल्या शिकलेल्यांचे कान उपटले होते. तिथून फिरोजाबाद जेमतेम चाळीस किलोमीटर. गेलो.

भट्टीत काच हजार अंशांच्याही वर तापलेली असते. लांब लोखंडी नळीच्या टोकावर तिचा गोळा उचलायचा आणि नळी सतत फिरवत ठेवायची, नाहीतर गोळा एका बाजूला ओघळतो. फुंकर कमी पडली तर भिंत जाड राहते, जास्त झाली तर गोळा फुटतो. तयार वस्तू एकदम उघड्यावर ठेवली तर तडकते, तिला हळूहळू थंड करावे लागते. हे सगळे तो माणूस घड्याळ न बघता, केवळ काचेचा रंग पाहून करतो. आमच्या इंजिनिअर मित्राने नळी हातात घेतली आणि दोन मिनिटांत परत दिली.

पण खरा धक्का गल्लीत बसला. कारखान्यात बांगडी पूर्ण होतच नाही. काचेचा लांब वेटोळा कापून तुकडे निघतात, त्यांची तोंडे उघडीच असतात. ती घरोघरी ज्योतीवर तापवून जोडतात. याला जुडाई म्हणतात. आम्ही गेलो त्या गल्लीत हे काम बायकाच करत होत्या. मे महिना, आणि पंखा बंद. पंखा लावला की ज्योत हलते.

आता शहरात 'फ्यूज्ड ग्लास'च्या कार्यशाळा भरतात. रंगीत काचा एकमेकींवर ठेवून भट्टीत वितळवून एकजीव करायच्या. सुंदर काम आहे, आम्हाला त्याचा राग नाही. पण आचेने काच काचेला जोडणे हेच काम असेल, तर एकीला कलाकार म्हणायचे आणि दुसरीला नगावर मजुरी द्यायची, हे कोणी ठरवले?

अमेरिकेतली गोष्ट पाहा. 1962 साली हार्वे लिटलटन यांनी टोलेडोच्या संग्रहालयाच्या आवारात छोटी भट्टी लावली. कारखान्याबाहेर एकटा कलाकारही काच घडवू शकतो, हे त्यांना दाखवायचे होते. भट्टी लागली, पण फुंकायचे कसे हे जमेना. तेव्हा शिकवायला आला हार्वे लीफग्रीन, काचकारखान्यातला निवृत्त कामगार. त्या चळवळीचे जनक म्हणून नाव लिटलटन यांचे घेतात. डेल चिहुली तर जगप्रसिद्ध. 1976 च्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला, 1979 मध्ये खांदा दुखावला. तेव्हापासून नळी धरतात त्यांचे सहकारी, सही मात्र चिहुलींची. कल्पना त्यांची आहे, हे मान्य. मग हात कोणाचे?

बाबासाहेबांनी जातीला श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी म्हटले. नाव एकाकडे आणि चटके दुसऱ्याकडे, ही त्याच विभागणीची पोटशाखा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाच्या तासांचा प्रश्न पुढे रेटला गेला आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यात आठवड्याचे 48 तास ठरले. पण जुडाई घरात होते, आणि घर म्हणजे कारखाना नव्हे. 1986 च्या बालमजुरी कायद्यानेही कुटुंबाच्या मदतीने चालणारे काम बंदीतून वगळले होते. भट्टीचे काम गल्लीत ढकलले की कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. मालकांना हे आपल्याआधी कळले.

परत आल्यावर बैठकीत एकजण म्हणाला, "तिथले बहुतेक मुसलमान, हा आपला प्रश्न नाही." यावर आमचे कडाक्याचे भांडण झाले. बाबासाहेबांनी 1936 साली काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते, एवढे तरी आठवा! तो मित्र अजून रुसलेला आहे.

यंदाच्या दिव्यांवर बनवणाऱ्याचे नाव घालायचे, असा ठराव झाला आहे. दुकानदाराला फोन केला तर तो हसला. एक दिवा चार हातांतून जातो, म्हणाला. आम्ही म्हटले, चारही नावे द्या. अजून दिलेली नाहीत.

हा बेत आम्ही त्या गल्लीतल्या एका ताईंना आधीच बोलून दाखवला होता. त्यांनी ज्योतीवरची नजर न काढता विचारले, नाव लिहिल्यावर दर वाढेल का? आम्ही त्यांना अजून उत्तर कळवलेले नाही. पुढच्या रविवारची बैठक त्यासाठीच आहे, सकाळी 10 ला, विहारात. दराचा हिशोब घेऊनच या.