कापसात निजलेली खडशीची अंडी

भाटघरच्या पाण्यात परवा माझ्या डोळ्यांदेखत मासे सोडले, आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय! धरणात मासे असतात एवढंच माहीत होतं. ते टेम्पोतून येतात, हे कुणाला ठाऊक?

फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. तळाला थोडं पाणी, वर सगळा ऑक्सिजन, आणि त्या पाण्यात बोटाएवढे कटला, रोहू, मृगळ. मच्छीमार सोसायटीच्या माणसांनी पिशव्या लगेच ओतल्या नाहीत. बांधलेल्याच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं पाणी आणि धरणाचं पाणी सारखं गार झालं पाहिजे, नाहीतर पिल्लं दगावतात, असं त्यातले एक मामा म्हणाले. मग तोंड सोडून धरणाचं पाणी ओंजळीओंजळीने आत घेतलं आणि पिशवी आडवी केली. मासे आपापले बाहेर पडले. काही तोंडाशीच घुटमळले, शेपट्या हलवत राहिले, आणि एकदम दिसेनासे झाले.

मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली: केवढी वाढ चार शब्दांत! ही सगळी खटपट अशासाठी की या माशांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, तळ्यात कोंडले की ते घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, तिथून देशातली मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली.

मी विचारलं, “मामा, खडस नाही सोडत?” मामा हसले. “ती लोणावळ्याची गोष्ट.”

ती गोष्ट वाचून काढली आणि झोप उडाली. खडस, म्हणजे आपला दख्खनी महाशीर. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाची शास्त्रात नोंद 1839 साली कर्नल साइक्स यांनी केली. धरणं झाली, नद्या अडल्या, खडस घटली. मग 1970च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी तिची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीची अंडी हाताने काढून, नराच्या रेतात मिसळून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवली. रोहूची अंडी दिवसाच्या आत फुटतात, खडशीची तीन-चार दिवस घेतात. या सवडीचा दोघांनी काय सुंदर उपयोग केला! फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवली. पाण्याचं ओझंच नाही. मला तर ही युक्ती संपूर्ण प्रकरणातली सर्वांत देखणी वाटते.

बीज इतकं झालं की परराज्यांतही गेलं. ते कावेरीतही पोचलं. तिथे मात्र घात झाला. कावेरीचा स्वतःचा पाठीवर कुबड असलेला महाशीर मागे पडला, आपली खडस माजली. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख 2018 साली पक्की झाली तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर होता. खडशीला त्याच सुमारास जागतिक यादीत धोक्याबाहेर काढलं गेलं. हे वाचताना खरंच पोटात तुटलं.

म्हणून माझं ठाम मत आहे: खडस सोडायची तर तिच्या घरी सोडा. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, वेल्ह्याकडच्या आंबी आणि मोसे, सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेला मिळतं. हे खोरं तिचंच आहे. वरंध घाट उतरून महाडकडे वाळणकोंडीला जा, देवाचे म्हणून राखलेले महाशीर हातातले कुरमुरे खायला वर येतात. कुणी मारत नाही, एवढ्यावर ते जगले.

भोर-वेल्ह्यात नुसतं बीज ओतून भागायचं नाही. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठी खडस डोहांत गोळा होते, आणि सुरुंग किंवा ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांना एका दुपारी सगळी सापडते. शिरगावपासून खाली नीरेचे डोह गावांनी राखले, तर पहिल्या पुरात ती ओढ्यांत चढेल, गोट्यांवर अंडी घालेल, आणि लोणावळ्याहून दरसाल बीज मागवावं लागणार नाही.