कंधारहून थेट चंद्रावर

नांदेडहून लोह्यामार्गे कंधार म्हणजे आरामात एका दिवसाचा वीकेंड. बॅगेत पाण्याची बाटली, टोपी आणि भा. रा. भागवतांचं ‘चंद्रावर स्वारी’ टाकलं. जूल व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीचा हा मराठी अवतार. शाळेत असताना भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न मी एकामागून एक फस्त केला होता. धाकधूक एवढीच, की आता वाचलं आणि पोरकट वाटलं तर?

किल्ला भुईकोट, राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा, भोवती रुंद खंदक. बुरुजावर तोफेशेजारी सावली शोधून बसलो. जागा अचूक सापडली होती, कारण व्हर्नची माणसं चंद्रावर निघतात ती रॉकेटने नाही, तोफेने! फ्लोरिडाच्या जमिनीत ओतलेली ९०० फूट लांब तोफ, गोळ्यात तीन माणसं आणि धक्का सोसायला पायाखाली पाणी. लहानपणी सगळं पटलं होतं. या वेळी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. एवढ्याशा नळीत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, म्हणजे शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या वीसेक हजार पट जोर. तिघांचा जागीच चेंदामेंदा, बॉस!

पण मजा काही गेली नाही. पृथ्वीवरून सुटायला लागणारा वेग व्हर्नने बरोबर धरला होता, फसला तो धक्क्यात. २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरलं ते ४० दिवसांनी, टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवत. तोफेला एवढी सबुरी कुठली?

तुम्ही गेलात तर राष्ट्रकूटांच्या नावाशी जोडलेला जगतुंग समुद्र तलाव जरूर बघा. माझा राहिला. शेवटची वीस पानं उरली होती.