तरंगती घोडी

काल रात्री गिटारची पहिली तार तुटली आणि उरलेल्या पाचही एकदम चढल्या. फ्लॉइड रोजच्या घोडीचं हे असंच. ती लाकडाला घट्ट बसत नाही. सुरीसारखी धार दोन खुंट्यांना टेकवून तरंगते. पुढून तारांचा ओढा, मागून स्प्रिंगांचा. तारांचा ओढा चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे मणभर. लहानपणी कापसाच्या बाजारात पाहिलेला काटा आठवतो. हात सोडला तरी कितीतरी वेळ डुलत राहायचा.

मे महिन्यात यवतमाळात पंखा बंद करून सूर लावणं म्हणजे शिक्षाच. नव्या तारेचा मणी कापायचा, टोक घोडीत आवळायचं, सूर लावायचा. एक चढवली की शेजारची उतरते. सगळ्या जुळल्या की वरच्या नटाला ॲलन कीने कुलूप.

नागपूरच्या मित्राच्या गिटारला काहलरची घोडी आहे. तिच्यात धार नाही, कॅम फिरतो, तारा छोट्या रुळांवरून सरकतात. सूर खालीवर करायची दांडी लोण्यासारखी चालते. पण नाद मला जरा बोथट वाटतो. त्याला हे पटत नाही, आणि खरं तर कानाला काय, सवयच लागते.

फ्लॉइड रोजला आपल्या घोडीचं पेटंट 1979 साली मिळालं. अशा घोडीला ट्रेमोलो म्हणतात, पण ते नावच चुकीचं. खालीवर होतो तो सूर, आवाज नव्हे. आजोबा पेटी वाजवायचे. पेटीत मींड येत नाही म्हणून हळहळायचे. दांडी हळूच दाबली की ते आठवतात.

तिसरी तार अजून किंचित उतरलेली आहे. आणि आता लाइट गेली.