कोर्ट लेनहून आत्याला

सिव्हिल लाइन्स, दिल्ली
रविवार, २ नोव्हेंबर २०२५, रात्र

प्रिय आत्या,
प्रभूत सलाम.

सुखरूप पोचलो. हवा इतकी वाईट आहे की सकाळी खिडकी उघडली तर समोरचं झाड पुसट दिसत होतं, आणि घसा तर चुलीपुढे बसल्यासारखा झालाय. ज्या लॉजवर उतरलोय त्याचं नाव सांगत नाही. तिथे गरम पाणी पाच वाजता येतं आणि सव्वापाचला जातं, एवढंच लिहितो.

निघताना तू म्हणालीस ते डोक्यात आहे. "किल्ले-मिनार सगळेच बघतात. तू एवढं बघून ये, की ती गोरी माणसं दिवसभर करायची तरी काय." नगरच्या मिशन कंपाऊंडात तुझं सगळं बालपण गेलं. तरी मडमेच्या बंगल्याचा आतला भाग तुला फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच माहीत: पातेल्यात पपनसाचा मुरंबा, आणि तो ढवळता ढवळता क्रियापदं पाठ करणारी मडम. "मी जातो, तू जातोस." तेवढ्या भांडवलावर तू मला दिल्लीला धाडलंस!

आज दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा बाजार पाहिला. तो आता फुटपाथवर नसतो, जवळच्या महिला हाटात भरतो. सत्तर रुपयांना एक हिंदी पुस्तक घेतलं, फिजी बेटावरचं. त्याबद्दल पुढे लिहीन.

दुपारी काश्मिरी गेटचं सेंट जेम्स चर्च. १८३६ साली ते प्रतिष्ठित झालं आणि बांधणारा मिशनरी नव्हे, शिपाईगडी: जेम्स स्किनर. आई राजपूत, बाप स्कॉटिश. ऐन तारुण्यात तो आपल्या शिंद्यांच्या फौजेत होता. राजपुतान्यातल्या उनियाऱ्याच्या लढाईत तो जखमी होऊन रणात पडला, तेव्हा एका चांभार बाईनं त्याला भाकरी-पाणी दिलं. जगलो तर चर्च बांधीन असा नवस त्यानं तिथे केला. नवस फेडलाही, पण बाईचं नाव कुठे नाही. १८५७ साली घुमटावरच्या गोळ्याची आणि क्रुसाची गोळ्यांनी चाळण झाली. ती जोडी आता खाली आवारात उभी करून ठेवलीय. पोरं तिच्यापुढे सेल्फी काढत होती.

संध्याकाळी मात्र वेळ साधली. आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, म्हणून जवळच्या निकल्सन कबरस्तानात गेलो. जनरलसाहेबाची कबर जाळीत आहे, तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. गर्दी होती ती मसीह, दास, लाल अशा आडनावांच्या साध्या कबरींपाशी. एक बाई चमच्याच्या दांड्यानं गेल्या वर्षीचं मेण खरवडत बसली होती. मेण निघालं की फुंकर, मग ओलं फडकं, मग झेंडूच्या पाकळ्या. शेजारी म्हातारबुवा काडेपेटीची काडी काळ्या रंगात बुडवून पुसट झालेलं नाव गिरवत होते, एकेक अक्षर, मध्ये चष्मा वर करून. वाऱ्यानं मेणबत्ती राहीना, तर पाण्याची बाटली कापून तिच्या आत ती बसवली. नगरला आपण नारळाची करवंटी लावतो, इथे बाटली. अंधार पडला तेव्हा सगळी जमीन ठिकठिकाणी पेटल्यासारखी दिसत होती. आजोबांची फार आठवण आली.

तुझा,
बाळू

बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आज गुरुपरब. सीसगंज गुरुद्वाऱ्यापुढून सरकायला अर्धा तास लागला. मला जायचं होतं किनारी बाजारात, गोटा-जरीच्या त्या चिंचोळ्या गल्लीत. १८८१ साली सेंट स्टीफन्स कॉलेज इथल्या एका घरात सुरू झालं, पाच विद्यार्थ्यांवर. प्रिन्सिपल सॅम्युअल ऑलनट. ते काढणाऱ्या केंब्रिजच्या तरुणांनी चार वर्षं आधी, १८७७ साली, दिल्लीत मिशन थाटलं होतं: एका छताखाली राहायचं, लग्न करायचं नाही, जे मिळेल ते एकत्र. तेच पुढे दिल्लीचं ब्रदरहुड. मी उतरलोय तिथून जवळच, कोर्ट लेनवर सात नंबरला, त्यांचं घर आहे. फाटकातून पाहिलं. झाडं, शांतता, आणि वाळत घातलेल्या चादरी. मला चादरीच बऱ्या वाटल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक असं आहे: दिवसातला मोठा भाग अभ्यासात जायचा. आधी मुन्शीकडे उर्दू, मग कॉलेजात शिकवणं, मग बाजारात उभं राहून प्रवचन. बाजारात ऐकणारे मुकाट ऐकत नसत. मौलवी उलट प्रश्न टाकत, आणि नुकती उर्दू शिकलेला साहेब तिथल्या तिथे सापडे. जॉर्ज लेफ्रॉय नावाचा आयरिश पाद्री या वादांतूनच नावारूपाला आला. पुढे लाहोरचा आणि मग कलकत्त्याचा बिशप झाला. तुझी मडम पातेल्यापुढे क्रियापदं का घोकायची, ते आता कळलं. नगरच्या आठवडे बाजारातल्या बाया तिला मौलव्यांपेक्षा काही कमी पडल्या नसतील.

बायांचं काम निराळंच होतं. प्रिसिला विंटर ही पाद्र्याची बायको. १८६० च्या दशकात ती औषधांची पेटी घेऊन यमुनेच्या काठी आंघोळीला येणाऱ्या बायकांत बसायची. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायच्या नाहीत, त्यामुळे पेटी हाच दवाखाना. १८८१ साली ती वारली. तिच्या स्मरणार्थ चांदनी चौकात बायका-मुलांचं इस्पितळ १८८५ साली उघडलं. तेच पुढे तीस हजारीला गेलं. मी आज त्याच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून होतो. ड्युटी सुटलेल्या दोन नर्सा एकाच प्लेटमधल्या ब्रेडपकोड्यावर तुटून पडल्या होत्या आणि पगाराच्या कापलेल्या रकमेवरून कुणाला तरी बोल लावत होत्या. तूच आठवलीस. तू इस्पितळात चौतीस वर्षं नोकरी केलीस, पण तुझ्याकडून मी धर्माबद्दल जेवढं ऐकलं, त्याच्या चौपट ऐकलं चादरी आणि पगाराबद्दल!

या घोळक्यात एक माणूस वेगळा निघाला. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज. २० मार्च १९०४ ला तो हिंदुस्थानात उतरला, आणि त्या तारखेला तो स्वतःचा दुसरा जन्मदिवस मानी. त्याचा जीव दोघांवर जडला. एक, मुन्शी झकाउल्ला, जुन्या दिल्ली कॉलेजचे म्हातारे गृहस्थ, गणिताची नि इतिहासाची पुस्तकं लिहिणारे. त्यांच्यापाशी बसून अँड्र्यूज बंडाआधीच्या दिल्लीच्या आठवणी ऐके. पुढे १९२९ साली त्यांच्यावर त्यानं पुस्तकच काढलं. दुसरे, सुशीलकुमार रुद्र, बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक. कॉलेजला नवा प्रिन्सिपल नेमायचा झाला तेव्हा मिशनरी पद्धतीनं गोऱ्याचीच पाळी होती. अँड्र्यूजनं सांगितलं, मी घेणार नाही, रुद्रांना द्या. १९०६ साली रुद्र पहिले भारतीय प्रिन्सिपल झाले. आपल्या कंपाऊंडात आजोबा बत्तीस वर्षं पाळक होते, तरी साहेबाकडे चहा व्हरांड्यातच प्यायले ना? आत टेबलावर कधी बसवलं का, हे मला तुला विचारायचंच होतं.

रुद्रांच्या घरात अँड्र्यूज घरच्यासारखा वावरे. गांधी १९१५ साली दिल्लीत आले ते तिथेच उतरले. १९२० चं व्हाइसरॉयला लिहिलेलं खिलाफतीच्या मागणीचं खुलं पत्र त्याच छताखाली तयार झालं, असं गांधींनीच रुद्र गेल्यावर लिहिलंय. काश्मिरी गेटची ती कॉलेजची जुनी इमारत बघून आलो. आज तिथे निवडणूक खात्याचं ऑफिस. मतदार यादीतलं नाव दुरुस्त करायला आलेल्या माणसांची रांग होती.

आणि हे वाचून तुला बरं वाटेल: अँड्र्यूजला दिल्लीबाहेर काढलं ते आपल्या गोखल्यांनी. १९१३ च्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह तापला, तेव्हा त्यांनी त्याला तिकडे पाठवलं. १९१४ च्या जानेवारीत डर्बनच्या धक्क्यावर तो गांधींपुढे वाकला नि त्यांचे पाय शिवले. तिथले गोरे चिडले, म्हणे एका पांढऱ्या पाद्र्यानं असं करावं? परत आला तो काही महिन्यांत ब्रदरहुड सोडून शांतिनिकेतनला गेला.

झोप येतेय. उरलेलं परवा.

बाळू

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

काल दक्षिण दिल्लीत काम होतं. बसमधून उतरताना कंडक्टर ओरडला, "एंड्रूज गंज, एंड्रूज गंज!" त्या वस्तीला आपल्या अँड्र्यूजचं नाव आहे. दीड तास फिरलो, पुतळा काही सापडला नाही. भाजीवाला मात्र सापडला, त्यानं मुळ्यावर दोन मिरच्या फुकट घातल्या.

आता ते सत्तर रुपयांचं पुस्तक. तोताराम सनाढ्य या फिरोजाबादकडच्या माणसाची हकीकत: फिजी बेटावर एकवीस वर्षं. १८९३ साली भुलवून त्याला बोटीवर चढवलं आणि १९१४ साली तो परतला. लिहून काढलं बनारसीदास चतुर्वेदींनी. "गिरमिट" म्हणजे अ‍ॅग्रीमेंट. पाच वर्षं उसाच्या मळ्यात. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं या गिरमिटावर तिकडे नेली. गोखल्यांनी १९१२ साली कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारनं तो पाडला, हे आजोबांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवतं.

मला वाटलं होतं, बेटावरचा मिशनरी म्हणजे नारळाची झाडं, समुद्र आणि पांढरी टोपी. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. हॅना डडली ही ऑस्ट्रेलियातली मेथडिस्ट बाई १८९७ साली फिजीत सुव्याला आली. गिरमिटी मजुरांत काम करायला तोपर्यंत फारसं कुणी नव्हतं. मजुरांच्या खोल्या दहा फूट बाय सात फूट, एकेका खोलीत तिघे पुरुष किंवा एक जोडपं. बाईनं आपल्याच घरात शाळा भरवली, अनाथ पोरं घरी सांभाळली, मांस खाणं सोडलं. मजूर तिला "हमारी माँ" म्हणत. बाप्तिस्म्यांचे आकडे काही मोठे नव्हते. १९०५ साली आजारी पडून तिनं बेट सोडलं तेव्हा काही अनाथ पोरांना घेऊन कलकत्त्याला उतरली. कल्पना कर, बोटीवर ती पोरं, त्यांची आंघोळ, जेवण, उलट्या. मिशनरी जीवन लिहायला कुणी बसलं तर हे लिहावं, असं मला वाटतं. तुझ्या मडमेच्या मुरंब्यासारखं.

अँड्र्यूज आणि त्याचा सोबती विली पिअर्सन १९१५ च्या शेवटी त्या बेटावर गेले. पाद्र्याचा झगा नव्हता, मजुरांच्या ओळीतून फिरायचं आणि विचारायचं: पगार किती, सरदार मारतो का, बायकोला कोण त्रास देतो. १९१६ साली त्यांचा अहवाल छापला. त्याच वर्षी मार्चमध्ये मालवीयांनी गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंगनं तो मान्य केला. शेवटच्या गिरमिटी माणसाची सुटका मात्र १ जानेवारी १९२० ला झाली. अँड्र्यूजला लोक "दीनबंधू" म्हणू लागले. गंमत बघ, ज्यानं मिशन सोडलं तोच बेटावर कामी आला. आणि डडलीबाई मिशनमधूनच आली होती, तीही कामी आली. यातून काय काढायचं ते तू काढ, तुझ्यात नि माझ्यात तू जास्त बायबल वाचलेली.

बाळू

रविवार, ९ नोव्हेंबर, रात्र

प्रिय आत्या,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सरधन्याला जत्रा असते, म्हणून सकाळी न्यू अशोकनगरहून नमो भारत गाडीनं मेरठ साऊथ गाठलं, पुढे टेम्पो. ऊस तोडून भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून होत्या. फिजीवरचं वाचून आल्यावर ऊस दिसला की नजर वेगळी पडते.

सरधन्याचं चर्च बेगम समरूनं बांधलं, १८२२ साली पुरं झालं. नाचणारी मुलगी, फौजेची मालकीण, मग कॅथलिक. तिच्या पलटणी असईच्या लढाईत शिंद्यांच्या बाजूनं होत्या. इथेही शिंदे! चर्चला १९६१ साली पोपनी बॅसिलिका ठरवलं. आत तादोलिनी नावाच्या इटालियनानं कोरलेला तिचा पुतळा आहे, संगमरवरी.

जत्रेतल्या दहा बायकांत नऊ ख्रिस्ती नव्हत्या. मरियेपुढे नवसाच्या चिठ्ठ्या, मेणबत्त्या, नारळ, आणि रांग थेट फाटकापर्यंत. माझ्यापुढची म्हातारी खुर्जाची होती, सुनेला मूल व्हावं म्हणून आलेली. तिनं मला विचारलं, "बेटा, मोमबत्ती उल्टी तो नहीं जलाते?" म्हटलं, नाही मावशी, सरळच. माझ्याकडच्या पाकिटातल्या दोन तिला दिल्या.

उरलेल्या दहा आणतोय. उद्या कर्नाटक एक्सप्रेसनं निघतो, परवा रात्रीपर्यंत नगर. मृतांचा दिवस उलटला, पण आजोबांच्या कबरीवरचं मेण अजून कुणी खरवडलं नसणार. एक जुना चमचा काढून ठेव. आणि कापायला पाण्याची बाटली इकडूनच आणतो.

तुझा भाचा,
बाळू

ता. क. साहेबाच्या टेबलाचं तेवढं भेटल्यावर सांग.