कुर्रर्र... खट्ट!

बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. कुर्ला कारशेडमध्ये चौतीस वर्षं फिटरकी केल्यावर एवढा बोनस मिळतोच, असं ते स्वतःच सांगतात. त्यामुळे मुलुंडच्या आमच्या वन-बीएचकेत टीव्हीचा आवाज कायम चाळीसवर आणि मी कायम 'बाबा, आवाज!' मोडमध्ये. तर अशा माणसाने अमेरिकेतल्या हायवेवर, एसी सुरू, काचा बंद, पुढे माझ्या भाच्याचं कार्टून चालू असताना मागच्या सीटवरून दादाला सांगितलं, "आवाज बंद झालाय. गाडी थांबव."

आवाज आला म्हणून गाडी थांबवणारे खूप पाहिलेत. आवाज येत नाही म्हणून थांबवणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

पण सुरुवातीपासून सांगते. २०२३ चा ऑगस्ट. दादा २०१२ मध्ये एमएस करायला गेला आणि आपल्याकडच्या हजारो दादांसारखा तिकडचाच झाला. राहतो डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय नावाच्या उपनगरात. (उपनगर काही आमच्या नशिबातून सुटत नाही!) काम गाड्यांच्या सीट्सचं डिझाइन करण्याचं. "म्हणजे खुर्च्या," बाबा म्हणतात. मी चार आठवड्यांची असाइनमेंट-कम-सुट्टी काढून बाबांना घेऊन गेले होते. बाबांची ही पहिलीच अमेरिकावारी. त्यामागे एक गोष्ट होती, जी आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं.

२०२० च्या मे महिन्यात आई गेली. विमानं बंद. दादाने सगळं मी धरलेल्या मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलं. बाबांनी त्याला कधी एक शब्द ऐकवला नाही. दुसराही शब्द ऐकवला नाही, हा प्रॉब्लेम होता. दर रविवारचा व्हिडिओ कॉल म्हणजे "जेवलास का?" "हो, तुम्ही?" "हो." मग फोन माझ्याकडे.

नोव्हायमध्येही तेच. बाबा सकाळी सहाला उठून आंघोळ करून सोफ्यावर बसायचे. रिपेअर करायला काही नाही. नळ गळत नाही, पंखा कुरकुरत नाही, दाराची बिजागरी तेल मागत नाही. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, "तिकीट अलीकडचं करून मिळतं का गं?"

आणि मग त्यांनी ड्राइव्ह-वेमध्ये उभा असलेला ट्रेलर पाहिला.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे आपल्या हिरोंची व्हॅनिटी व्हॅन नव्हे. हे इंजिन नसलेलं, चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बाथरूम सगळं. आपल्या एसयूव्हीच्या मागे अडकवायचं आणि निघायचं. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ट्रेलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून कारखान्याला निघालेला ऊसच येतो, खरं ना? दादाने आपला ट्रेलर सेकंडहँड घेतला होता. २४ फुटी, सामान भरल्यावर साधारण अडीच टन. वहिनीचं त्याच्याविषयीचं मत इथे छापता येणार नाही.

मुख्य भानगड जोडणीची. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या पोलादी गोळ्यावर बसते. अडीच टनांच्या ट्रेलरचा अडीच-तीनशे किलो भार त्या गोळ्यावर यायला हवा; दहा ते पंधरा टक्के, असा हिशेब आहे. त्याहून कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. पण पुरेसा आला की गाडीची मागची बाजू खाली बसते आणि पुढची उचलली जाते. स्टिअरिंग हलकं, पुढच्या चाकांची पकड कमी.

दादा हे पेन-कागद घेऊन समजावत होता. बाबांनी अर्ध्यात तोडलं. "गाडी उलार होते म्हण की!"

बाबांचं लहानपण कराडकडचं. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की पुढची बाजू वर उचलली जाते, त्याला तिकडे उलार म्हणतात. दादाच्या दोन डायग्रामचं काम एका शब्दात झालं. दादाला हा शब्द आठवत होता की नाही, माहीत नाही. पण तो हसला. तीन वर्षांत बाबांच्या बोलण्यावर तो हसलेला मी पाहिला नव्हता.

तर ही उलार घालवण्यासाठी असते वेट डिस्ट्रिब्युशन हिच. गोळ्याखालच्या जाड डोक्यात दोन लांब स्प्रिंगच्या दांड्या बसवतात. त्यांची दुसरी टोकं ट्रेलरच्या चौकटीवरच्या ब्रॅकेटवर ताण देऊन चढवतात. मग त्या दांड्या तरफेसारखं काम करतात आणि मागच्या चाकांवरचा भार थोडा पुढच्या चाकांकडे, थोडा ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. आयडिया जाम भारी आहे. फक्त आवाज करते! वळणावर कुर्रर्र..., खड्ड्यात खट्ट, पार्किंगमध्ये मागे घेताना तर एखादं जुनं जहाज फुटतंय असं वाटावं. पहिल्या ट्रायलला समोरची आजी पडदा सरकवून बघायला आली. दादा कानापर्यंत लाल.

बाबा मात्र खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सोफ्यावर नव्हतेच. ट्रेलरजवळ उकिडवे बसून, दांडीला हात लावून, डावा कान जवळ नेऊन काहीतरी चाललेलं. दादा ऑफिसातून आल्यावर त्यांनी त्याला गाडी चार वेळा पुढे-मागे घ्यायला लावली. "दोन आवाज आहेत," त्यांनी निकाल दिला. "एक घासतोय तो. एक आपटतोय तो."

"बाबा, सगळ्याच हिच आवाज करतात. नॉर्मल आहे."

"घासतोय तो नॉर्मल. आपटतोय तो नाही."

दादाने मान हलवली. ही मान मी ओळखते. ऑफिसमध्ये ज्युनियरने सजेशन दिलं की आपण सगळेच हलवतो, ती.

निघायच्या आदल्या रात्री, आम्ही झोपल्यावर, त्याने सरप्राइज दिलं. ग्रीसचा अख्खा डबा. गोळा, डोकं, दांड्या, ब्रॅकेट, जिथे म्हणून लोखंडाला लोखंड लागतं तिथे सगळीकडे. सकाळी ट्रेलर ड्राइव्ह-वेतून मांजरासारखा बाहेर पडला. वहिनीने टाळ्या वाजवल्या. समोरच्या आजीनेही बहुतेक.

आम्हाला जायचं होतं उत्तरेला, मॅकिनॉ पुलापलीकडे. साधारण सव्वाचारशे किलोमीटर. प्रत्येक वळणावर शांतता. आणि प्रत्येक वळणावर बाबा मागे वळून बघतायत. फ्लिंट सोडून आय-७५ वर आल्यावर त्यांच्याने राहवेना. तेव्हाचं ते वाक्य, "आवाज बंद झालाय. गाडी थांबव."

"मीच बंद केलाय, बाबा. ग्रीस लावलं काल."

"कुठे कुठे?"

"सगळीकडे."

बाबा गप्प झाले. पुढे सॅगिनॉजवळ झिलवॉकीचा उंच पूल लागतो. खाली नदी, वर मोकळा वारा. तिथे डाव्या बाजूने एक अठरा चाकी ट्रक गेला आणि आमच्या मागचं घर डोलायला लागलं. आधी थोडं, मग जास्त. गाडीची शेपटी कोणीतरी धरून डावी-उजवीकडे हलवतंय, असं. वहिनीने माझा हात एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. दादाने एक गोष्ट परफेक्ट केली, ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. पाच-सहा सेकंद असतील. ट्रेलर सरळ झाला. भाचा कार्टून बघत होता. त्याला कळलंही नाही.

पुढच्या एक्झिटला बाहेर पडून गॅस स्टेशनच्या कडेला थांबलो. दादाचे हात थरथरत होते. मला वाटलं आता बाबा म्हणणार, सांगितलं होतं ना! ते काहीच म्हणाले नाहीत. खाली उतरले, बॅगेतून आपला जुना बनियन काढला, टराटरा फाडला आणि अर्धा दादाकडे दिला.

दादा मोबाइलवर हिचचं मॅन्युअल उघडून बसला होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं. गोळ्याला आणि दांडी बसते त्या खोबणीला ग्रीस चालेल. ब्रॅकेटवर नको. दांडी ब्रॅकेटवर घासते त्या घर्षणानेच तर ट्रेलरचं डोलणं आवरलं जातं. ती कुरकुर म्हणजे हिच आपलं काम करत होती. वारा आणि ट्रकचा धक्का बाहेरचा, पण त्याला आवरणारी गोष्ट दादाने रात्री बारा वाजता स्वतःच्या हाताने गुळगुळीत करून ठेवली होती.

वहिनीचं भांड्यांचं लिक्विड, पाण्याच्या चार बाटल्या आणि बाबांचा बनियन. बापलेक पाऊण तास ब्रॅकेट घासत होते. मी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि खाली ठेवला. का, ते सांगता येत नाही.

"आता दुसरा आवाज," बाबा म्हणाले. त्यांनी दादाला डोक्याच्या मागे बोट फिरवायला सांगितलं, जिथे ते दोन मोठ्या बोल्टनी गाडीच्या दांड्याला जोडलेलं असतं. दादाचं बोट लाल होऊन बाहेर आलं. "ही भुकटी बघ. गंज नाही हा. गंज चिकटून बसतो. बोल्ट हलायला लागला की लोखंड लोखंडाला खातं आणि ही भुकटी पडते."

"फ्रेटिंग," दादा पुटपुटला.

"काय असेल ते. कारशेडमध्ये आम्ही आधी ही बघायचो, मग पाना उचलायचो."

बाबांना पान्याला पाइप लावून तिथल्या तिथे आवळायचं होतं. दादा म्हणाला, अंदाजाने नाही, टॉर्क मोजूनच. कमी पण नको, जास्त पण नको. आणि त्याच्याकडचा टॉर्क रेंच त्या बोल्टला पुरणारा नव्हता. मला वाटलं, झालं! पण बाबांनी एवढंच विचारलं, "मोजून देणारा जवळ कोण आहे?"

हायवे सोडून, हळूहळू, बे सिटीतल्या एका गॅरेजपर्यंत गेलो. तिथल्या मेकॅनिकने माणसाच्या हाताएवढा लांब रेंच आणला. राहिलेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने उडवलं. बाबांनी त्याला खुणेने थांबवून पलीकडून बोल्टचं डोकं स्वतः धरलं. त्यांना इंग्लिश येत नाही, त्याला मराठी येत नाही. दोघांचं उत्तम चाललं होतं. रेंचने 'टक्' केल्यावर बाबांनी बोल्टवर हातोडी हलकेच मारली, कान लावला आणि मान डोलावली. पूर्वी गाड्यांची चाकं अशीच हातोडीने वाजवून तपासायचे. धड चाक घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आता त्यासाठी अल्ट्रासोनिक यंत्रं आहेत. पण सवय.

गॅरेजमधून बाहेर पडताना पहिल्या वळणावर, कुर्रर्र... भाच्याने टाळ्या वाजवल्या. खट्ट मात्र नाही.

मॅकिनॉ पूल संध्याकाळी आला. १९५७ मध्ये खुला झालेला, आठ किलोमीटर लांबीचा; आपल्या सी-लिंकला बाजूला उभं केलं तर धाकटं भावंड वाटेल. आतल्या लेनला रस्ता नाहीच, लोखंडी जाळी आहे, खाली पाणी दिसतं. वारा फार वाढला की ट्रेलरवाल्यांना पुलाची माणसं एस्कॉर्ट देऊन नेतात, नाहीतर थांबवूनच ठेवतात. त्या दिवशी वारा बेताचा होता. दादा बाहेरच्या लेनमधून सावकाश चालवत होता आणि कोणीच बोलत नव्हतं. मधेच बाबा म्हणाले, "तुला येता आलं नाही, ते मला माहीत आहे रे."

दादाने आरशात बघितलं. म्हणाला, "बाबा, मी तिकीट बघत होतो रोज. रोज."

"माहीत आहे. समोर बघ. गाडी चालव."

एवढंच. मोठं काही झालं नाही. रात्री कॅम्पग्राउंडवर ट्रेलर मागे घेताना हिचने जे काही बोंबलायचं ते बोंबलून घेतलं, शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर आली, दादाने त्यांना हात केला आणि या वेळी लाल झाला नाही. बाबांनी तिकीट अलीकडचं केलं नाही. वाढवलंही नाही. ठरल्या तारखेला परत आलो.

आता मे महिना उजाडला, तिकडचा बर्फ गेला आणि ट्रेलर बाहेर निघाला की बाबांच्या व्हॉट्सॲपवर क्लिप येते. दादा हिचजवळ मोबाइल धरतो, वहिनी वैतागत गाडी पुढे-मागे घेते. तिकडे सकाळचे साडेनऊ, इकडे संध्याकाळचे सात. बाबा गॅलरीत जाऊन फोन डाव्या कानाला लावतात, डोळे मिटतात. नेमकी तेव्हाच खालून कल्याण स्लो जाते. ते ती पूर्ण जाऊ देतात आणि मग दादाला फोन लावून सांगतात, "परत पाठव. डावीकडच्या वळणाचा नीट ऐकू आला नाही."