हाक आणि हजेरी

जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज १९२३ पासून पाळक घडवतं आहे. काढलं मेथडिस्टांनी, पण तिथे निरनिराळ्या मंडळ्यांची मुलं-मुली शिकतात. पदवी मात्र बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची, म्हणजे डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली दिलेल्या सनदेच्या बळावरची. नर्मदेजवळच्या गावात शिकायचं आणि हुगळीकाठच्या पदवीवर उपदेशाला उभं राहायचं! देवाचं बोलावणं सरळ रस्त्याने येतच नसावं.

माझी भाची तिथे शिकायला गेली, तेव्हा घरात आनंदापेक्षा काळजीच जास्त होती. ताईचा सवाल रोकडा होता : "देवाला बोलवायला तूच सापडलीस? आणि त्या बँकेच्या परीक्षेचं काय?" भाचीला मी एकटीला गाठून विचारलं, तर म्हणाली, "आवाज वगैरे काही आला नाही हो मामा. दुसरं काही करायचं म्हटलं की मन लागत नाही, एवढंच."

एवढ्यावर कॉलेजात प्रवेश मिळत नाही. मंडळीची शिफारस लागते. कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला प्रार्थनेविषयी थोडं आणि लग्नाविषयी बरंच विचारलं. खेड्यात राहशील का? दफनविधीला पाळकबाई लोकांना चालेल का? प्रश्न ऐकून मला संताप आला, पण ही पद्धत मला रास्त वाटते. मनात उठलेली हाक देवाची की आपल्याच हौसेची, हे एकट्याला उमगणं कठीण. चार माणसांनी उलटसुलट तपासलेलं बरं. फक्त त्या चारांत एखादी बाई असावी.

कवी नारायण वामन टिळकांना अशी कमिटी भेटली नाही, आगगाडीतला एक युरोपियन सहप्रवासी भेटला. जबलपूर ज्या मध्य प्रांतात होतं, त्याच प्रांतातल्या राजनांदगावला टिळक निघाले होते. साल १८९३. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या, सहप्रवाशाने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती सांगायला सोपी आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट इतकी सोपी नाही. नवऱ्याला आलेल्या हाकेची किंमत त्यांनी मोजली. तीही न विचारता त्यांच्या पदरात घातलेली. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात हिंदू बायकोची वेगळी चूल पेटू लागली. ते सोवळं सुटलं, तेही टिळकांच्या उपदेशाने नाही. जातपात देवाने केली की माणसांनी, या प्रश्नाचा लक्ष्मीबाईंनी आपल्यापुरता निकाल लावला, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मला दोघांपैकी त्यांचाच होकार जास्त भरवशाचा वाटतो. तो उशिरा आला, भांडून आला, आणि हसू न गमावता आला.

टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतरची त्यांची १३ वर्षं मला बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा महत्त्वाची वाटतात. मिशनचा पगार, मिशनचं काम, आणि मनात सतत एक खटका, की ख्रिस्त या देशात परक्याचा पाहुणा होऊन का राहावा? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे यायची मुभा होती. १९१९ मध्ये ते वारले. दरबाराला त्यांचा सहवास दोन वर्षंही धड लाभला नाही. तरी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा एकदा घराबाहेर बोलावणारी हाक ऐकणं, आणि तीही ख्रिस्ताचीच आहे हे ओळखणं, हे मला आगगाडीतल्या प्रसंगाहून मोठं वाटतं.

भाचीला हे फोनवर ऐकवत होतो, तर तिने मध्येच थांबवलं. सकाळी ग्रीकची परीक्षा होती, रविवारी एका मंडळीत उपदेशाची पाळी होती, आणि उपदेश अजून अर्धाच लिहून झाला होता. "टिळकांचं सुटीत सांगा," म्हणाली. ताईने फोन घेतला. बँकेच्या परीक्षेचा विषय तिने आता सोडला आहे. दीक्षा झाल्यावर पहिली नेमणूक कुठे होईल, तिथे पाण्याची सोय असते का, आणि राहायचं घर चर्चला लागून असेल की लांब, एवढंच ती विचारत होती.