मॅडमचा नंबर

रुजू झालो त्या दिवशी हातात ११ महिन्यांची कंत्राटी ऑर्डर पडली, कपाटाची किल्ली मिळाली आणि क्षयरुग्णांचं रजिस्टर. चार्ज द्यायला कोणी नव्हतं. आधीच्या मॅडमना दुसऱ्या जिल्ह्यात कायम नोकरी लागली, त्या दीड महिन्यापूर्वीच गेल्या होत्या. माझ्या पदाचं नाव वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक. प्रत्येक रुग्णाचा सहा महिन्यांचा कोर्स मधे न तुटता पुरा होतोय ना, हे बघायचं. काम सरळ वाटलं होतं.

पहिल्याच पाड्यावर आशाताईंनी विचारलं, "सर, तुम्ही किती दिवस आहात?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पाच वर्षांत मी चौथा होतो.

रजिस्टर चोख होतं. सरकारच्या निक्षय पोर्टलवरही सगळं भरलेलं : वय, वजन, थुंकीचा निकाल, पोषणाचे महिन्याला १००० रुपये कोणत्या खात्यात जातात ते. तरी मला माणसं सापडेनात. एका कार्डावर पत्ता म्हणून नुसतं पाड्याचं नाव, आणि तिथं त्या रुग्णाच्या नावाचे तिघे. एका सुनेनं मला ओळखच दिली नाही. तिच्या सासरी आजाराचं माहीत नाही, मॅडम तिला बाजाराच्या दिवशी गोळ्या द्यायच्या, हे आशाताईंनी परतताना हळूच सांगितलं. असलं कोण रजिस्टरात लिहिणार?

कार्डांच्या मागे मात्र निळ्या बॉलपेननं एक मोबाइल नंबर लिहिलेला होता. सगळ्या कार्डांवर तोच, मॅडमचा स्वतःचा.

त्या नंबरवर एका तेवीस वर्षांच्या मुलानं फोन केला होता. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर तो भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबला होता, अंग भरलं होतं. पाकीट संपल्यावर त्यानं विचारलं, पुढच्या गोळ्या कुठं मिळतील? मॅडमनी ऑफिसात कळवलं. खुर्ची रिकामी होती. मला हे समजलं तेव्हा त्याला गोळ्या न घेता २६ दिवस झाले होते. महिनाभर खंड पडला की पोर्टलवर रुग्णानं उपचार सोडला अशी नोंद होते. त्यानं कुठं सोडला होता? त्यानं तर फोन केला होता.

एका रविवारी मीच मॅडमना फोन लावला. त्या दीड तास बोलल्या, आणि एकही नाव त्यांना आठवावं लागलं नाही. दिवाळीआधी त्या घरोघर विचारायच्या : कोणती भट्टी, मुकादम कोण, जवळचा दवाखाना कोणता? मग पोर्टलवरून रुग्ण त्या तालुक्याकडे वर्ग करायच्या. मला प्रशिक्षणात हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पहिल्या वर्षी चार रुग्ण हातचे गेल्यावर त्या शिकल्या. ते शहाणपण त्यांच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. त्यात त्यांची काय चूक? कायम नोकरी कोण सोडेल?

क्षयरोगाचा हा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे. १९९७ मध्ये त्याची नव्यानं मांडणी झाली, २०२० मध्ये नाव बदललं. क्षयरोगाच्या तपासणीचं, गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र आमच्याकडेही आलं, पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाची जागा रिकामी आहे, म्हणून नमुने अजून जिल्ह्याला जातात. कागदावर कार्यक्रम एक दिवसही बंद नाही. पाड्यावर मात्र माणूस गेला की तो थांबतो, आणि नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. मधल्या काळात आशाताई कार्यक्रम तगवून धरतात, कारण त्या त्याच गावच्या आहेत, त्यांची बदली होत नाही. आणि त्यांनाच पगार नाही, मोबदला आहे. ह्याचा मला मनापासून राग येतो.

मी एक दोनशेपानी वही घेतली. प्रत्येक रुग्णाला एक पान : घराची खूण, मुकादम, गोळ्या कोणासमोर द्यायच्या नाहीत. एक वेगळं सिमकार्डही घेतलं, जाताना कपाटात ठेवून जाता येईल असं. सगळ्या कार्डांवरचा नंबर बदलायला तीन दिवस लागले.

मग भिवंडीकडच्या पर्यवेक्षकाला फोन करून त्या मुलाची भट्टी सांगायला लागलो. नाक्यापासून डावीकडे, दुसरी चिमणी. तो म्हणाला, "जरा थांबा सर, मी इथं नवीनच आहे. वही घेतो."